सहीपुरता प्रश्न : केंब्रिजचे रँग्लर आणि धर्माची अट



मराठीत एक शब्द सव्वाशे वर्षं वापरात आहे आणि त्याचा अर्थ काय, हे आपण फारसं कुणाला विचारत नाही. रँग्लर. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. रावसाहेब, डॉक्टर म्हणावं तसं हे नावाच्या आधी लागतं, आणि ऐकणारा समजून जातो की माणूस गणितात कुणीतरी मोठा होता. या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ मात्र गमतीचा आहे. हुज्जत घालणारा. केंब्रिजमध्ये एके काळी परीक्षा तोंडी असायची, लॅटिनमधून वादविवाद करून. त्यात जो समोरच्याला पुरून उरेल तो रँग्लर. पुढे परीक्षा लेखी झाली, हुज्जत संपली, नाव तेवढं राहिलं. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले ते सगळे रँग्लर आणि त्यांच्यातला पहिला सीनिअर रँग्लर.

१८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनिअर रँग्लर झाले. दापोलीजवळच्या मुर्डीचे. जॉर्ज बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर पहिला नंबर विभागून मिळाला होता, पण आपल्याकडे त्या विभागणीची कुणी फारशी आठवण काढत नाही. ठीक आहे. परांजपे यांचं कॉलेज सेंट जॉन्स. त्याच कॉलेजने पुढे त्यांना फेलो म्हणून निवडलं. आता फेलो म्हणजे कॉलेजचा हक्काचा सभासद, त्याच्या कारभारात आणि मिळकतीत वाटेकरी. परांजपे ख्रिस्ती नव्हते. हिंदू घरात जन्मले होते, पण देवधर्म मानत नव्हते, आणि हे त्यांनी जन्मभर लपवलं नाही.

याच सेंट जॉन्स कॉलेजात त्याआधी ६२ वर्षं, म्हणजे १८३७ साली, जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर नावाचा मुलगा ट्रायपॉसला बसला आणि दुसरा आला. सेकंड रँग्लर. इथे इंजिनिअरिंगची मुलं दिसताहेत, तुम्हाला मॅट्रिक्स शिकावं लागतं ना? तो शब्द गणितात याने आणला. तर दुसरा आला, आणि त्याला पदवी मिळाली नाही. कारण तो ज्यू होता, आणि पदवी घेताना ‘मी इंग्लंडच्या चर्चचा सभासद आहे’ असं सांगावं लागे. ते त्याने सांगितलं नाही. शेवटी १८४१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला बी.ए. आणि एम.ए. दोन्ही दिल्या.

या ६२ वर्षांत काय घडलं, ते आज बघायचंय. विज्ञान आणि धर्म यांच्या भांडणाची गोष्ट आपण ऐकतो ती बहुधा गॅलिलिओपासून सुरू होते आणि डार्विनवर संपते. एकीकडे दुर्बीण, दुसरीकडे पोथी. आजची गोष्ट तशी नाही. इथे गणितातल्या एकाही सिद्धांताबद्दल चर्चचं काही म्हणणं नव्हतं. भांडण होतं ते एका सहीवरून.

व्यवस्था नीट समजून घ्या. इंग्लंडच्या चर्चने सोळाव्या शतकात आपली श्रद्धा एकोणचाळीस कलमांत मांडली. ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करतानाच या कलमांवर सही करावी लागे. म्हणजे कॅथलिक, ज्यू, इतर पंथांचे प्रोटेस्टंट, हे दारातूनच परत. केंब्रिज जरा सैल. तिथे शिकायला येऊ देत, वर्गात बसू देत, परीक्षा देऊ देत. अट पुढे येई ती पदवीच्या वेळी. बी.ए.ला चर्चचं सभासदत्व सांगायचं आणि एम.ए.ला, फेलोशिपला कलमांवर सही. म्हणून तर सिल्व्हेस्टर दुसरा येऊ शकला. पंगतीत बसवून घ्यायचं, पान मांडायचं, आणि वाढायच्या वेळी उठवायचं, असा तो प्रकार.

आता ही चाळणी नेमकं कुणाला अडवत होती? अश्रद्धाला? नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याला सही करायला काय जड जाणार होतं? तो खुशाल करायचा आणि रात्रीच्या जेवणाला जाऊन बसायचा. अडत होता तो ज्याला आपल्या शब्दाची किंमत होती तो. आणि बहुतेक वेळा तो श्रद्धाळूच असे, फक्त त्याची श्रद्धा वेगळी होती.

याचा सगळ्यात मोठा दाखला खुद्द न्यूटन. न्यूटन मनापासून धार्मिक होता. धर्मशास्त्रावर त्याने ढीगभर कागद लिहिले. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच ईश्वर, हे जे ख्रिस्ती त्रैक्य, ते त्याला पटत नव्हतं. गंमत बघा, त्याच्या कॉलेजचं नावच ट्रिनिटी. तिथल्या नियमाप्रमाणे फेलोने काही वर्षांत धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यायची. १६७५ साली राजाकडून सवलत आली की ल्युकेशियन प्राध्यापकाला ही दीक्षा माफ. न्यूटन सुटला, आणि त्या विषयावर तो जाहीरपणे जन्मभर गप्प राहिला. त्याच्या जागेवर पुढे विल्यम व्हिस्टन आला. त्याचीही मतं जवळजवळ तीच. फरक एवढाच की त्याने ती छापली. १७१० मध्ये केंब्रिजने त्याला काढलं. विषय तोच, खुर्ची तीच, मतंही साधारण तीच. न्यूटन तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, पण व्हिस्टनसाठी त्याने तोंड उघडलं नाही. मी न्यूटनला दोष देत नाही हं. व्यवस्थाच अशी होती की गप्प बसणं हाच शहाणपणा ठरावा.

अजून एक असामी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. विल्यम फ्रेंड. १७८० चा सेकंड रँग्लर, जीझस कॉलेजचा फेलो. हा युनिटेरियन झाला, म्हणजे ईश्वर एकच मानणारा, त्रैक्य नाकारणारा ख्रिस्ती. १७८८ मध्ये त्याचं शिकवण्याचं काम काढून घेतलं. १७९३ मध्ये त्याने एक पुस्तिका काढली, त्यात चर्चच्या उपासनेवर टीका होती, राजकारणावरही होती. विद्यापीठाने त्याच्यावर खटला चालवला. हा खटला काही कुणा अडाणी पाद्र्याने चालवला नाही. न्यायासनावर बसलेला कुलगुरू आयझॅक मिलनर हा स्वतः १७७४ चा सीनिअर रँग्लर. प्रेक्षकांत फ्रेंडच्या बाजूने आरडाओरडा करणाऱ्या पोरांत कवी कोलरिज होता, तेव्हा विद्यार्थी. शेवटी फ्रेंडला विद्यापीठातून हद्दपार केलं. पण फेलोशिप काही काढता आली नाही, त्यामुळे लग्न होईपर्यंत तिचे पैसे त्याला मिळत राहिले. प्रवेश बंद, पगार चालू!

आणि याच फ्रेंडने १७९६ मध्ये बीजगणितावर पुस्तक लिहिलं, त्यात ऋण संख्याच नाकारल्या. शून्याहून लहान संख्या ही कल्पनाच अर्थहीन, असं त्याचं म्हणणं. गणिताच्या दृष्टीने हा केवढा पाखंडीपणा! त्यासाठी त्याला कुणी कोर्टात खेचलं नाही. लोक हसले, काहींनी वाद घातला, संपलं. म्हणजे ज्या विषयाचा तो शिक्षक होता त्यात त्याला वाटेल ते म्हणायची मुभा होती, आणि जो विषय तो शिकवतच नव्हता त्यासाठी नोकरी गेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अध्यापनाचं स्वातंत्र्य म्हटलं की आपण वर्गात काय शिकवलं एवढंच बघतो. नोकऱ्या मात्र बहुतेकदा वर्गाबाहेरच्या गोष्टींनी जातात.

या फ्रेंडची मुलगी सोफिया. तिचं लग्न १८३७ मध्ये झालं, सिल्व्हेस्टरची पदवी अडली त्याच वर्षी. नवरा ऑगस्टस डी मॉर्गन. आजच्या गोष्टीचा नायक हाच.

डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत एका डोळ्याची दृष्टी गेली. ट्रिनिटीत शिकला, १८२७ मध्ये चौथा रँग्लर. बी.ए. घेतली, पण एम.ए.साठी कलमांवर सही करायला त्याने नकार दिला. तो नास्तिक नव्हता. ईश्वर मानायचा, येशूला मानायचा, पण कुठल्याच चर्चचा सभासद व्हायला तयार नव्हता. सही नाही म्हणजे फेलोशिप नाही, म्हणजे केंब्रिजचा रस्ता बंद.

त्याच सुमारास लंडनमध्ये नवी संस्था उभी राहत होती, आज जिला युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणतात. तिचं वैशिष्ट्य हेच की विद्यार्थ्याचा किंवा शिक्षकाचा धर्म विचारायचा नाही. विरोधकांनी ‘गॉवर स्ट्रीटवरची देवाविना संस्था’ म्हणून तिची टवाळी केली. तिला उत्तर म्हणून चर्चवाल्यांनी किंग्ज कॉलेज काढलं, तिथे भाषांचे शिक्षक वगळता सगळे शिक्षक इंग्लंडच्या चर्चचेच हवेत असा नियम. तर या नव्या संस्थेने १८२८ मध्ये गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून डी मॉर्गनला नेमलं. वय किती? एकवीस. आणि त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत चौदा वर्षांचा सिल्व्हेस्टर होता. पुढे सिल्व्हेस्टरला केंब्रिजने पदवी नाकारली तेव्हा १८३८ मध्ये पहिली नोकरीही इथेच मिळाली. दुसरीकडे कुठे मिळणार होती?

थोडं थांबून आपल्याकडचं सांगतो. हे कॉलेज आणि किंग्ज, दोन्हींच्या परीक्षा घ्यायला १८३६ मध्ये लंडन विद्यापीठ निघालं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली ती याच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे आपल्या विद्यापीठांनी केंब्रिजचा नव्हे, गॉवर स्ट्रीटचा वारसा घेतला. मुंबईत मॅट्रिकला बसणाऱ्या ब्राह्मण, पारशी किंवा मुसलमान मुलाला विद्यापीठाने कलमांवर सही मागितली नाही, त्याला हे कारण आहे. ऑक्सफर्डच्या नमुन्यावर ती निघाली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

आता परत डी मॉर्गनकडे. त्याने या कॉलेजचा दोनदा राजीनामा दिला. पहिला १८३१ मध्ये. शरीरशास्त्राचा प्राध्यापक पॅटिसन याला संचालक मंडळाने काढलं आणि वर, ‘त्याचा काही दोष नाही’ असंही सांगितलं. डी मॉर्गनचं म्हणणं साधं होतं : दोष नसताना प्राध्यापकाला काढता येत असेल तर इथे कुणीच स्वाभिमानाने नोकरी करू शकणार नाही. गेला निघून. पाच वर्षांनी त्याच्या जागेवरचा माणूस बुडून मेला तेव्हा हा परत आला आणि पुढे तीस वर्षं तिथे शिकवलं.

दुसरा राजीनामा १८६६ चा, आणि तो जास्त अवघड आहे. तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राची जागा रिकामी झाली. सगळ्यांत लायक उमेदवार जेम्स मार्टिनो. पण तो युनिटेरियन धर्मोपदेशक. हे नाव आपल्याला तसं परकं नाही. मार्टिनो पुढे ज्या मँचेस्टर कॉलेजचा प्राचार्य झाला तेच नंतर ऑक्सफर्डला हललं, आणि १९०१ ते १९०३ तिथेच महर्षी विठ्ठल रामजी शिंदे शिकले. तर मंडळाने मार्टिनोला नाकारलं. पुढाकार जॉर्ज ग्रोट याचा. ग्रीसचा मोठा इतिहासकार, उदारमतवादी, स्वतः धर्म न मानणारा, संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्याची बाजू पोरकट नव्हती. तो म्हणत होता, मनाचं तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस एका पंथाचा अधिकृत उपदेशक असेल तर आपली तटस्थता राहिली कुठे? ही खुर्ची कुठल्याही पंथाच्या छायेत नको.

डी मॉर्गनला हे मान्य झालं नाही. त्याच्या मते तटस्थता म्हणजे धर्म हा मुद्दाच विचारात न घेणं. केंब्रिज म्हणायचं, तुझी श्रद्धा आमच्यासारखी नाही म्हणून नको. आता आपण म्हणतोय, तुझी श्रद्धा फार उघड आहे म्हणून नको. दोन्हीकडे माणसाची लायकी बाजूला राहते आणि त्याची श्रद्धा तराजूत जाते. साठीच्या उंबरठ्यावर, हातात दुसरं काही नसताना, ज्या संस्थेला आयुष्य दिलं तिचा त्याने राजीनामा दिला. मार्टिनो त्याच्या पंथाचा नव्हता. विषयही त्याच्या गणिताचा नव्हता. सासरे फ्रेंड युनिटेरियन होते म्हणून त्याला हे लागलं, असं कुणी म्हणेल. पण १८२७ मध्ये त्याने सही नाकारली तेव्हा तर सासरेबुवा चित्रात नव्हते.

माझं मत विचाराल तर डी मॉर्गन बरोबर होता. पण ग्रोटचा प्रश्न त्यामुळे संपत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. भूगर्भशास्त्राच्या वर्गात एखादा शिक्षक पृथ्वीचं वय पोथीतून सांगू लागला तर? तेव्हा त्याची श्रद्धा बघायची नाही, त्याचं भूगर्भशास्त्र बघायचं. ते चूक असेल तर चूक म्हणून अडवा. नेमणुकीच्या दिवशीच ‘तू उपदेशक आहेस, पुढे बिघडशील’ असं भविष्य वर्तवून अडवणं, ही वेगळी गोष्ट आहे. मार्टिनोचं तर्कशास्त्र कच्चं होतं असा त्याला नाकारण्यामागचा आक्षेप नव्हता.

इकडे केंब्रिजमध्ये सहीची अट हळूहळू हास्यास्पद होत चालली होती. १८५४ मध्ये ऑक्सफर्डपुरता आणि १८५६ मध्ये केंब्रिजपुरता कायदा झाला, त्याने बी.ए.ची अट गेली. फेलोशिपची राहिली. परिणाम काय झाला? परीक्षेत पहिला यायचं आणि फेलोशिप दुसऱ्याला जाताना बघायची. १८६० चा सीनिअर रँग्लर जेम्स स्टर्लिंग इंग्लंडच्या चर्चचा नव्हता. फेलो होऊ शकला नाही. १८६९ चा सीनिअर रँग्लर न्यूमा हार्टोग, ज्यू. त्याला पदवी देताना पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायचे ते शब्द खास परवानगीने गाळले. पदवी दिली, फेलोशिप नाही. त्याच वर्षी हेन्री सिजविक याने उलट्या बाजूने धक्का दिला. तो नीतिशास्त्राचा माणूस, ट्रिनिटीचा फेलो, तरुणपणी सही केलेली. आता ती सही आपल्याला खरी वाटत नाही म्हणून त्याने फेलोशिप सोडली. कॉलेजने त्याला व्याख्याता म्हणून ठेवून घेतलं. त्यांनाही कळत होतं की चांगला माणूस आपण आपल्याच नियमाने घालवतोय.

१८७१ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने विद्यापीठांच्या धर्मअटींचं विधेयक आणलं. हार्टोगने लॉर्ड्सच्या समितीपुढे साक्ष दिली. त्या सभागृहात लॉर्ड सॉल्सबरीने एक नवी युक्ती काढली. ठीक आहे, म्हणे, काय मानता ते विचारू नका. पण शिकवणाऱ्याने एवढं तरी लिहून द्यावं की पवित्र शास्त्राच्या विरुद्ध मी काही शिकवणार नाही. वर्ष लक्षात घ्या. डार्विनचं माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक त्याच वर्षी फेब्रुवारीत आलं होतं. जुनी अट माणसाच्या मनाला होती, ही नवी त्याच्या व्याख्यानाला. ही मान्य झाली असती तर प्राणिशास्त्राच्या आणि भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक वर्गाबाहेर एक पहारेकरी बसला असता. जुन्या सहीपेक्षा ही जास्त घातक होती, असं मला वाटतं. कॉमन्सने ती फेटाळली. १६ जून १८७१ ला कायदा झाला. धर्मशास्त्राच्या पदव्या वगळल्या, बाकी अट गेली.

डी मॉर्गन मार्चमध्येच वारला होता, तीन महिने आधी. हार्टोग त्याच जूनमध्ये देवीच्या रोगाने गेला, पंचवीस वर्षांचा. सिल्व्हेस्टरला केंब्रिजची पदवी मिळाली, आणि १८८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ऑक्सफर्डने त्याला भूमितीचा प्राध्यापक नेमलं. ज्या ऑक्सफर्डने तरुणपणी त्याला दारातही उभं केलं नसतं, त्या ऑक्सफर्डने. आनंदमोहन बोस १८७४ मध्ये पहिले भारतीय रँग्लर झाले. बोस यांची पदवी १८५६ च्या कायद्यामुळे आणि परांजपे यांची फेलोशिप १८७१ च्या. बायकांना मात्र केंब्रिजची पदवी १९४८ पर्यंत नाही. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट सीनिअर रँग्लरच्याही वर आली होती, तरी नाही. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली होती : आपल्याकडे असं काही झालं का? सही नव्हती, पण झालं. एकाच घराण्यातले दोन गणिताचे शिक्षक घ्या. परांजपे यांचे आतेभाऊ की मामेभाऊ या तपशिलात जात नाही, पण नात्यातले भाऊ धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं. मुरुड गावाने बहिष्कार टाकला, कॉलेजने ठेवून घेतलं. १९१४ पर्यंत ते तिथे शिकवत होते. त्यांचा मुलगा रघुनाथ, आपले र. धों. कर्वे, हेही गणिताचेच प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्याचा उघड प्रचार सुरू केला. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते रुचलं नाही, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला.

यावर कुणी म्हणेल, मिशनचं कॉलेज मिशनच्या श्रद्धेनेच चालणार. त्यात तथ्य आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाची पदवी मुंबई विद्यापीठाची होती, ज्या विद्यापीठाने धर्म कधी विचारला नव्हता. आणि कर्व्यांच्या कॅल्क्युलसबद्दल कुणाची तक्रार नव्हती, जशी फ्रेंडच्या ऋण संख्यांबद्दलही नव्हती. नोकरी गेल्यावर १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि खटले झेलत, खिशाला खार लावत ते १९५३ पर्यंत चालवलं.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून आधी.